अल्बमवरच्या पुस्तकाच्या नावाखाली गेलेले ६३,२६० रुपये
आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे ‘नक्की किती गेले हो?’ हे पुन्हा कुणी विचारायला नको. ६३,२६० रुपये. मी ओटीपी कुणाला दिला नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही, लॉटरीच्या मागेही लागले नाही. मला एक पुस्तक लिहायचं होतं, एवढंच. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ च्या एलपी तबकडीवर. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरव रागापासून रात्रीपर्यंत.

जाहिरात होती ‘एक अल्बम, एक पुस्तक’ अशा मालिकेची. इंग्रजीत ‘थर्टी थ्री अँड अ थर्ड’ नावाची अशी मालिका २००३ पासून निघते, ती मला माहीत होती. मराठीत तसं काही येतंय म्हटल्यावर मी हुरळले, त्यात काय चुकलं? शिवाय मागितलं ते सगळं रीतसर होतं: रूपरेषा, एक नमुना प्रकरण आणि ‘हाच अल्बम का’ यावर दोन पानं. भामटा असली पानं कशाला मागेल, असं कुणालाही वाटेल.

संपादक म्हणवणाऱ्याचा फोन आला तो थेट काब्रांवरच. गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून मींड काढणं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, सतारी-सरोदींच्या जगात तिला जागा मिळवून देणं, यावर तो असा बोलला की मी पाघळले. आता माझं नमुना प्रकरण पुन्हा वाचलं तर दिसतं, तो माझीच वाक्यं मला ऐकवत होता. कौतुक करणारा तुमच्या लिखाणाबाहेरचं काही बोलतोय का, तेवढं बघा.

मग पैसे सुरू झाले. प्रस्तावाचं ‘वाचनशुल्क’ जीएसटीसह २,३६०. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि कॉपीराइट नोंदणीचे ७,५००. तर ऐका: भारतात आयएसबीएन फुकट मिळतो, एक पैसा लागत नाही. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे आणि ती नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं की हक्क तुमचाच. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पाचशेच्या स्टँपपेपरवर करार आला, त्यात रॉयल्टी साडेबारा टक्के. स्टँपपेपर दिसला की आपल्या माणसाला उगाच धीर येतो.

तिसरं बिल ३५,४०० चं. तिथेच मी थांबायला हवं होतं आणि तेच आठवून अजून झोप उडते. बिलावर लिहिलं होतं: ‘रेकॉर्ड कंपनीकडून गीतलेखन हक्क, ५ गीते.’

गीतलेखन! त्या तबकडीत एक शब्द नाही हो. सगळी वाद्यं आहेत. ‘शब्दांवाचून दिवस कसा सांगितला’ हे माझ्या नमुना प्रकरणातलं उपशीर्षक होतं, तेच प्रकरण या गृहस्थाने डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याच अल्बमच्या गीतांच्या हक्कांचं बिल मी भरलं. विचारलं नाही असंही नाही. विचारलं. तर म्हणाला, “ताई, कंपनीचा छापील फॉर्मच तसा असतो, रकाना बदलता येत नाही.” (एरवी मी ‘मॅडम’ असायचे. पैशांचा विषय निघाला की ‘ताई’ व्हायचे.) आता सांगा, या देशात कुठल्या फॉर्मवर निरर्थक रकाने नसतात?

त्याने अर्धं खरं सांगितलं, म्हणून ते पचलं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे ही तबकडी २०२७ अखेरपर्यंत हक्कात आहे. बरोबर. पण तो हक्क ती छापण्या-विकण्या-वाजवण्याचा. तिच्याविषयी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. समीक्षेसाठी १९५७ च्या कायद्यात कलम ५२ आहे. कव्हरचं चित्र छापायचं किंवा कुणाची अख्खी कविता उतरवायची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. तेव्हाही हक्कधारकाचं पत्र बघितल्याशिवाय दमडी सोडू नका.

शेवटचे १८,००० कागदाच्या आगाऊ रकमेचे. नंतर प्रकाशन समारंभासाठी २२,००० मागितले, तेव्हा मी आधीच्या हक्कांचं पत्र दाखवा म्हटलं. फोन लागायचा बंद झाला.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं ते लिहायलाच हवं. “तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना? मग फसवणूक कशी?” मी करार पुढे केला तर तोच माझ्यावर उलटला: करार आहे म्हणजे दिवाणी वाद, कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, म्हटलं. साहेब हसले. पैसे गेले ते खातं दुसऱ्या शहरातलं, म्हणून तिकडे जा. झीरो एफआयआर म्हटल्यावर “ते मोठ्या गुन्ह्यांना असतं.” नसतं! दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, कायद्यात स्पष्ट आहे. सायबर विभागाने अर्ज ठेवून घेतला आणि पोच मागितली तर परत ठाण्याकडे बोट. बँकेचं पालुपद एकच, ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः केलेला आहे.’ आणि वर ठाण्यातल्या एका हवालदाराची समीक्षा: “मावशी, गाण्याच्या तबकडीवर पुस्तक? ते घेणार कोण? अक्कलखाती मांडा आता.” चोर निदान काब्रांबद्दल चार शब्द चांगले बोलला होता.

पैसे गेल्याचं कळताच, त्याच क्षणी, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तरच काही हाती लागतं. मी ‘संपादक आजारी असेल’ म्हणून वाट बघत बसले.

यूपीआयवर पैसे पाठवताना खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचा. करार प्रायव्हेट लिमिटेडशी आणि नाव कुण्या एका माणसाचं, तर तिथेच हात आवरा. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. माझ्या बिलावर पत्ता पुण्याचा होता आणि क्रमांक ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा २७ असतो. त्या पुण्याच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार बिचारा भला, म्हणाला, तुमच्यासारखे आणखी येऊन गेलेत.

ते ‘आणखी’ म्हणजे कोण, मला हवे आहेत. तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा फिरतेय, या वेळी भावगीतांच्या अल्बमसाठी प्रस्ताव मागवलेत. ज्यांच्याकडे ‘गीतलेखन हक्क’ लिहिलेलं बिल असेल त्यांनी ते फाडू नका, लाजून लपवूही नका. माझा अर्ज आता वरिष्ठांकडे जातोय आणि त्याला एकाऐवजी दहा बिलं जोडलेली असली तर ‘दिवाणी वाद’ म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.