'झपाटलेला २' की 'नवरा माझा नवसाचा २': आज रात्री कुठला लावायचा?

गणपतीत घर भरलेलं असतं. आरती झाली, पंगती उठल्या, भांडी घासून झाली की रात्री दहाच्या सुमारास कुणीतरी रिमोट हातात घेतं आणि "काय लावू?" विचारतं. आमच्याकडे या प्रश्नाला दोन उत्तरं आली. दहा वर्षांच्या भाचीला 'झपाटलेला २' हवा होता. आईला 'नवरा माझा नवसाचा २' हवा होता. मोठा दादा म्हणाला, "दुसरे भाग कशाला बघायचे? पहिलेच लावा."

दादासारखी माणसं प्रत्येक घरात असतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्या सिनेमांवर आपण लहानपणी जीव लावला, ते पुन्हा कुणी हातात घेतले की छातीत धस्स होतं. पण दोन्ही दुसरे भाग मी थिएटरात जाऊन पाहिलेत, घरीही पुन्हा पाहिलेत, आणि माझं मत असं आहे की हे दोन सिनेमे एका तराजूत घालता येत नाहीत. चाहत्यांमध्ये दोघांवरूनही तट पडले, पण वेगवेगळ्या कारणांनी. ती कारणं कळली की तुमच्या घरी आज कुठला चालेल हे आपोआप ठरतं.

आजीच्या गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असायचा. सिनेमाचंही तसंच असतं. पहिल्या भागाचा जीव नेमका कशात होता, ते आधी शोधायला हवं.

'झपाटलेला' १९९३चा. त्यात तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा मंत्र म्हणून एका बाहुल्यात शिरतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पडद्यावर. पुढे जागा नव्हती, म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो होतो. मागून सगळं उलटं दिसायचं, नावांची अक्षरंसुद्धा उलटी. तरी "ओम फट् स्वाहा" झालं आणि शेजारचा पोरगा माझ्या मांडीवर चढून बसला. पुढे कित्येक दिवस आमच्या घरातली बाहुली बहिणीने कपाटात कोंडून ठेवली होती.

आता मोठेपणी पुन्हा पाहताना कळतं की आपण बाहुल्याला घाबरलो नव्हतो, लक्ष्याला घाबरलेलं पाहून घाबरलो होतो. रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तो घोगरा आवाज जबरदस्त आहेच. पण लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, डोळे विस्फारून, घसा कोरडा पडलेला असताना काहीतरी सांगायला जातो आणि शब्दच फुटत नाहीत, तिथे भीतीही वाटते आणि हसूही आवरत नाही. गोष्टीतली खुबीही तिथेच आहे. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा माणूस सांगतोय की हा बाहुला खरंच बोलतो. कोण विश्वास ठेवणार? दिग्दर्शक महेश कोठारे यांच्या सगळ्या सिनेमांत मला ही कल्पना सर्वांत पक्की वाटते. त्या सिनेमाचा जीव तात्या विंचूत नव्हता, लक्ष्याच्या चेहऱ्यात होता.

आणि लक्ष्या १६ डिसेंबर २००४ रोजी गेला.

म्हणून २०१३ साली 'झपाटलेला २' आला तेव्हा चाहत्यांचे दोन तट पडणारच होते. बाहुला परत आला, प्रभावळकरांचा आवाज परत आला, कोठारे पुन्हा इन्स्पेक्टर महेश जाधव झाले, वर थ्रीडी. फक्त ज्याच्यासाठी आपण जायचो तोच नव्हता. त्याच्या जागी गोष्टीतल्या लक्ष्याचा मुलगा आदित्य, आणि ती भूमिका कोठाऱ्यांच्या मुलाने, आदिनाथने केली. "लक्ष्याच्या जागी दिग्दर्शकाचा मुलगा?" हे मी थिएटरबाहेर स्वतःच्या कानांनी ऐकलं. हा राग मला समजतो, पण पुरता पटत नाही. आदिनाथ 'माझा छकुला'मध्ये, १९९४ साली, लहानपणी लक्ष्याबरोबर काम करून मोठा झालेला. लक्ष्याचा खरा मुलगा, अभिनय बेर्डे, पडद्यावर आला तो २०१७मध्ये. आणि मुख्य म्हणजे आदिनाथ लक्ष्याची नक्कल करत नाही. डोळे विस्फारत नाही, तसा अडखळत नाही. दुसऱ्या कुणी नक्कल केली असती तर मला ते सोसलं नसतं.

दुसऱ्या बाजूचे चाहते म्हणजे तेव्हाची लहान मुलं. चष्मे लावून ती पोरं पडद्यावरून अंगावर येणाऱ्या गोष्टी पकडायला हात पुढे करत होती. त्यांच्यासाठी तात्या विंचू हाच नायक होता. माझ्या भाचीचंही तसंच. तिला तात्याचा संवाद पाठ आहे आणि लक्ष्या कोण ते तिला सांगावं लागतं. मात्र घरच्या टीव्हीवर थ्रीडी उरत नाही. ज्या प्रसंगांची आखणीच वस्तू अंगावर याव्यात म्हणून केली आहे, ते सपाट पडद्यावर जरा ताणल्यासारखे वाटतात. दुसरं म्हणजे यात गाणी आणि प्रेमप्रकरण जास्त जागा खातात. सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर दोघी प्रसन्न आहेत, मकरंद अनासपुरे आपल्या ढंगात हसवतात, पण तेवढा वेळ बाहुला बाजूला पडतो आणि भीती निवते. पहिल्या भागात ती निवत नव्हती.

आता दुसरीकडे या. 'नवरा माझा नवसाचा'चा जीव कशात होता? बहुतेक जण म्हणतील, अशोक सराफांच्या कंडक्टरमध्ये. मी म्हणेन, त्या एस.टी.त. वक्रतुंड आणि भक्ती हे जोडपं (सचिन आणि सुप्रिया पिळगावकर) गणपतीपुळ्याला निघतं, तो विचित्र नवस फेडायचाय, आणि त्यांच्याबरोबर एक अख्खं गाव बसून निघालंय. एस.टी.त कोणी कोणापासून लांब जाऊ शकत नाही. पुढच्या सीटवर कुजबूज झाली तरी शेवटच्या बाकावर ऐकू जाते. कंडक्टर मधल्या वाटेतून ये-जा करतो आणि प्रत्येकाच्या भानगडीत त्याला पडावंच लागतं. ज्याने मुंबई-रत्नागिरी रात्रीचा प्रवास केलाय त्याला यातला एकही प्रसंग परका वाटत नाही. मी स्वतः पहाटे घाटात गाडी बंद पडल्यावर अनोळखी बाईच्या डब्यातली थालीपिठं खाल्लेली आहेत. हा सिनेमा पाहताना मला त्या थालीपिठांचा वास येतो.

वीस वर्षांनी, २० सप्टेंबर २०२४ला दुसरा भाग आला. सचिन, सुप्रिया, अशोक सराफ तिघेही आहेत. पुन्हा नवस, पुन्हा गणपतीपुळे, पण आता पुढची पिढी, म्हणजे स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे, आणि प्रवास कोकण रेल्वेचा. अशोकमामा कंडक्टरचे टी.सी. झालेत.

नाराज चाहत्यांचं म्हणणं मला इथे जास्त पटतं. रेल्वे म्हणजे डबे. माणसं पांगतात. एका डब्यात काय चाललंय ते दुसऱ्या डब्याला कळत नाही, आणि मग सगळ्यांना एकत्र आणायला लेखकाला खटपट करावी लागते. ती खटपट दिसते. पहिल्या भागात विनोद त्या गर्दीतून उगवायचा, इथे काही वेळा तो आणून बसवलाय. नवसाची गंमतही एकदा कळून चुकलेली आहे, त्यामुळे पहिल्या वेळचा धक्का नाही.

तरीही आमच्या घरात सगळ्यांत जास्त हशा याच सिनेमाला झाला. अशोक सराफ तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. कंबर वाकलेली नाही, पण चाल मंदावली आहे, आणि त्यांनी ती लपवलेली नाही. टी.सी.चा काळा कोट घालून ते पहिल्यांदा पडद्यावर येतात तेव्हा थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या शेजारच्या काकूंनी डोळे पुसले. सचिन-सुप्रिया यांना तर १९८४च्या 'नवरी मिळे नवऱ्याला'पासून आपण एकत्र बघतोय. त्यांचं एकमेकांवर खेकसणं इतकं मुरलेलं आहे की संवाद साधा असला तरी चालून जातो. आईच्या शब्दांत, "ही आपल्या ओळखीची माणसं आहेत गं. भेटायला आल्यासारखी वाटली."

तेव्हा ठरवायचं कसं? घरात सत्तरीची माणसं असतील, चुलत-मावस गोतावळा असेल, मध्येच कुणी चहाला उठणार असेल, तर 'नवरा माझा नवसाचा २' लावा. मध्ये दहा मिनिटं चुकली तरी काही बिघडत नाही. पहिला पाहिलेला नसला तरी धागा लागतो.

मुलं सात-आठच्या पुढची असतील आणि त्यांना थोडी भीती हवी असेल, तर 'झपाटलेला २' लावायला हरकत नाही, पण एका अटीवर: आधी पहिला दाखवा. नाहीतर महेश जाधव कोण, भुवयांच्या मधोमध गोळी का मारायची, आदित्यच्या मागेच हा बाहुला का लागलाय, यातलं काही त्यांना भिडणार नाही. सातच्या आतल्या मुलांना रात्री तर दोन्ही 'झपाटलेला' नकोच, दुपारी दाखवा.

आणि तुम्ही लक्ष्यासाठी 'झपाटलेला २' लावणार असाल तर लावू नका. तो तिथे सापडणार नाही आणि तुम्ही उगाच आदिनाथवर चिडाल. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तेच केलं होतं, अर्धा सिनेमा मी रुसून बसले होते. दुसऱ्यांदा भाचीबरोबर पाहिला तेव्हा कुठे बाहुल्याकडे नीट लक्ष गेलं.

आमच्याकडे शेवटी आईचं चाललं. सिनेमा संपला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. भाची दादाच्या खांद्यावर डोकं टाकून जागीच होती. तिने विचारलं, "मामा, पहिल्यात अशोक सराफ होते आणि लक्ष्या पण होता का?" दादाने सांगितलं की नाही, हे दोघं वेगळ्या सिनेमांत एकत्र आहेत, ते उद्या लावू. दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाल्याझाल्या ती टीव्हीसमोर येऊन बसली होती.