नमुना ताजा, खोकं शिळं

मी तुर्भ्याच्या एपीएमसीत, मसाला मार्केटला काम करतो. अठरा वर्षं झाली. लवंग नखाने दाबली की तेल सुटतं का, वेलचीचा हिरवा रंग तिचा स्वतःचा की दिलेला, हे बघून-हुंगून सांगायचे मला पैसे मिळतात. तेल काढून घेतलेली लवंग पाण्यात तरंगते, चांगली तळाला जाते. पण पाण्यापर्यंत जायची वेळ आमच्याकडे सहसा येत नाही, नाकच सांगतं. हे आधी सांगतोय, कारण मला ज्याने फसवलं त्याने याच नाकाला धरून फसवलं. ५,५२० रुपये गेले, त्याचं एवढं वाईट वाटलं नाही.

बीअरची गोडीही मला लवंगेनेच लावली. एका गिऱ्हाइकाने हॉटेलात जेवायला नेलं होतं, तिथे जर्मन गव्हाची बीअर आली. ग्लास नाकाशी नेला आणि चमकलो. लवंग! मागून पिकलेलं केळं. वेटरला विचारलं, यात काय घातलंय? त्याला वाटलं साहेब तक्रार करतायत. घातलेलं काहीच नसतं. बव्हेरियातल्या या बीअरचं यीस्टच आंबताना लवंगेच्या जवळचा वास तयार करतं, आणि केळ्याचाही. बीअर दिसते गढूळ, कारण ते यीस्ट बाटलीतच राहू दिलेलं असतं. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी वाशीच्या दुकानातून एखादी बाटली आणायची, हिला अर्धा ग्लास, बाकीची मला, असा शिरस्ता पडला. अर्धा लिटरला चारशेच्या वर जातात, त्यामुळे शिरस्ता आपोआप माफक राहतो.

यंदा मे महिन्यात आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या एकाने एक नंबर दिला. इम्पोर्टेड बीअर, जवळजवळ निम्म्या भावात. गोष्ट अशी की न्हावा शेव्याला कंटेनर अडकला होता, ड्युटीचा तंटा मिटला, आता माल झटपट काढायचाय. आयात बीअरवर ड्युटी जबर असते हे खरंच आहे आणि बंदर आमच्या उशाला, त्यामुळे गोष्ट पटते. आमची मादागास्करची लवंगही त्याच बंदरातून येते. बंद कंटेनर मे महिन्यात आतून किती भाजतो हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तरी तेव्हा ते डोक्यात आलं नाही.

कोपरखैरण्यात एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर त्याने ‘टेस्टिंग’ ठेवलं होतं. तीन ग्लास, बाटल्या कागदात गुंडाळलेल्या. म्हणाला, ‘सर, तुम्हीच सांगा काय आहे ते.’ पहिला घोट कडू, स्वच्छ, गवतासारखा वास. मी म्हटलं पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी, कडवट बीअर. दुसऱ्यात लवंग-केळं, ते काय, झोपेतही सांगेन. तिसरी काळपट, मनुकांसारखी, अंगात बरीच ताकद असलेली. म्हटलं बेल्जियमची असावी. त्याने कागद काढले. तिन्ही बरोबर. ‘सर, अशी जीभ शंभरात एकाची. इथे लोक येतात, किती टक्के एवढंच विचारतात.’ मी फुगलो. खोटं कशाला बोलू, घरी येईपर्यंत फुगलेलाच होतो.

त्या तिन्ही बाटल्या अगदी ताज्या होत्या. बहुधा त्याने त्या माझ्यासारख्याच कुठल्या तरी दुकानातून पूर्ण पैसे मोजून आणल्या असणार.

आता मार्केटमध्ये कोणी व्यापाऱ्याने मला मूठभर लवंग पुढे केली तर मी ती बघतसुद्धा नाही. पोत्यांच्या थप्पीतली मधली दोन पोती मी बोटाने दाखवतो, त्यात टोकदार नळी खुपसून दाणे काढून घेतो, आणि मगच बोलतो. विकणाऱ्याने निवडून दिलेला नमुना म्हणजे त्याचं व्हिजिटिंग कार्ड, असं मीच नव्या पोरांना शिकवतो. आणि कोपरखैरण्यात मी त्याच्या हातचे तीन घोट घेऊन, बारा-बारा बाटल्यांची दोन खोकी, गव्हाची बीअर, बाटलीला २३० रुपये, न उघडता गाडीत टाकली. खोक्यावर कारखान्याच्या डिंकाऐवजी तपकिरी चिकटपट्टी होती, तीही दोनदा लावलेली. दिसली मला. वाटलं, कस्टमवाल्यांनी उघडून बघितलं असेल.

निघताना तो म्हणाला, ‘सर, एकदम बर्फात ठेवून प्या, मगच मजा.’ हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिली बाटली उघडली त्या रात्री फेस आला आणि लगेच बसला. तळाचा गाळ ढवळून ओतला तर तो दुधाळ व्हायच्या ऐवजी कोंड्यासारखा तुकड्या-तुकड्यांनी फिरत राहिला. लवंग नाही, केळं नाही. एक मधासारखा जड गोडवा, आणि त्याच्या मागे काहीतरी. ते ‘काहीतरी’ मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं. पण मी स्वतःला समजावलं: दिवसभर हिंगाच्या गाळ्यात होतो, नाक बसलंय. दुसऱ्या रात्री समजावलं की बॅच वेगळी असेल. शंभरात एक जीभ असलेल्या माणसाची अशी पंचाईत होते, आपण चुकीचा माल घेतला हे जिभेने सांगितलं तरी तो जिभेलाच खोटं पाडतो.

शनिवारी मेहुणा आला, बायको-पोरांसह. बाथरूममधला टब धुऊन त्यात बर्फ घातला, दहा बाटल्या बुडवल्या. मेहुण्याने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, ‘दाजी, राग मानू नका, पण पावसात भिजलेल्या खोक्याचा वास येतोय.’

तोच! भिजलेला पुठ्ठा. जुलैत मार्केटच्या धक्क्यावर पडून राहिलेल्या खोक्यांचा वास मला रोज येतो आणि तो मी बीअरमध्ये ओळखला नाही. बीअर जुनी झाली, त्यातही उन्हात तापली, की बाटलीतल्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनने नेमका हाच वास धरते. लवंग-केळं आधी उडून जातात, मधाचा गोडवा वर येतो, मग पुठ्ठा.

टबात हात घातला तर बोटांना कागदाचा लगदा लागला. बाटल्यांचे मागचे स्टिकर सुटून पाण्यावर आले होते. आयात करणाऱ्याचं नाव, छापील किंमत, तारीख, सगळं त्या पांढऱ्या स्टिकरवर. खाली कारखान्याचं मूळ लेबल, त्यावर जर्मनमध्ये ‘मिन्डेस्टन्स हाल्टबार बिस’, म्हणजे किमान अमुक तारखेपर्यंत टिकेल, आणि पुढे तारखेची जागा. नऊ बाटल्यांवर ती जागा पुसलेली, थिनरने घासल्यासारखी. दहावीवर घाईत अर्धीच पुसली होती. महिना आणि वर्ष वाचता येत होतं: मुदत संपून चौदा महिने झाले होते. बर्फात ठेवा म्हणून त्यानेच सांगितलं होतं. फार गार बीअरला वास येत नाही, दोष लपतो, हा त्याचा हिशेब. पण टबाचं गार पाणी स्टिकरच्या डिंकालाही लागणार हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

फोन केला. आधी म्हणाला, ‘सर, इम्पोर्टेड अशीच लागते, तुम्हाला इंडियनची सवय आहे.’ तारीख वाचून दाखवल्यावर म्हणाला, ‘जुनी बीअर वाइनसारखी मुरते.’ यात थोडं खरं आहे म्हणूनच ते धोक्याचं आहे. बेल्जियमच्या मठांची काळी, नऊ टक्क्यांची बीअर काही वर्षं मुरवतात. शिमे या तिथल्याच एका मठाच्या बीअरच्या निळ्या लेबलावर तर वर्षच छापतात. पण गव्हाची बीअर आणि पिल्सनर ही ताजी प्यायची जात. तिसरं वाक्य त्याने अगदी सौम्य आवाजात टाकलं: ‘तक्रार करा ना सर. बिल आहे का तुमच्याकडे?’

बिल नव्हतं. तंटा मिटलेल्या कंटेनरचा स्वस्त माल बिलाशिवाय घेणारा मीही कायद्याच्या चुकीच्याच बाजूला उभा होतो. उत्पादन शुल्क खात्याकडे जाऊन काय सांगणार? ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर दोनदा दाबला आणि ठेवला.

तर ज्यांना परदेशी बीअर चाखून बघायची हौस आहे, त्यांनी लायसन्सवाल्या दुकानातूनच आणि बिल घेऊनच घ्यावी, हे आलंच. तिथेही बाटली फिरवून बघा. आयातदाराचा स्टिकर हवाच, पण तारीख स्टिकरवरची नव्हे, कारखान्याने मानेवर किंवा मूळ लेबलावर छापलेली वाचायची, आणि ती झाकलेली किंवा घासलेली असेल तर बाटली परत. अमेरिकन बाटलीवर महिना आधी असतो, तिथे घोळ होतो. हिरव्या किंवा पारदर्शक काचेची बाटली दुकानाच्या ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने उभी असेल तर घेऊच नका. उजेडाने हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा बिघडतो आणि जळलेल्या रबरासारखी घाण येते. तपकिरी काच बरीच वाचवते. आणि परदेशी नाव म्हणजे परदेशी माल असंही नाही. हायनेकेन आपल्या तळोज्यात बनते, आणि ताजी असते, त्यात कमीपणा काही नाही.

घरी पहिला ग्लास फ्रिजमधून काढून दहा मिनिटं तसाच ठेवा. थोडा गारवा उतरला की चांगल्या बीअरचा वास फुलतो, शिळीचा पुठ्ठा लपत नाही. ती शिळी बीअर पिऊन कोणी आजारी पडलं नाही, तेवढं नशीब. उरलेल्या सोळा बाटल्या मी बेसिनमध्ये ओतल्या, ही नाकाला पदर लावून उभी होती.

गेल्या आठवड्यात त्याच नंबरवरून मेसेज आला. नाव सेव्ह करायचं त्याने बहुतेक सोडून दिलंय, कोणाला पाठवतोय हे कळलं नसावं. बेल्जियमचा लॉट आलाय, मर्यादित खोकी, टेस्टिंग शनिवारी संध्याकाळी सातला, या वेळी घणसोलीत. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला असेल. गेलात तर जो ग्लास हातात देतील तो उत्तमच असणार.