दूरदर्शनची ‘सर्कस’ : काही महिने सोबत ठेवून पाहिल्यावर

‘सर्कस’ एका बैठकीत संपवू नका, हे सगळ्यात आधी सांगते. मोजून १९ भाग आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी सगळं उरकून टाकायचा मोह होतो. तसं केलं की गोष्टी एकमेकींत मिसळतात, नायकाचं चिडणं तेच ते वाटायला लागतं आणि निम्म्यातच हात मोबाइलकडे जातो. आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर ही मालिका सुरू केली आणि रविवारी रात्री जेवणं झाली की एक भाग, अशी थंडी पडेपर्यंत पुरवली. काही भाग मधेच पुन्हा लावले. आता बऱ्यापैकी मुरली आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८९-९० मध्ये दूरदर्शनवर आठवड्याला एक भाग अशी ही हिंदी मालिका लागायची. दिग्दर्शक अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह. बाहेर शिकून परत आलेला शेखरन आणि त्याच्या गळ्यात पडलेली वडिलांची सर्कस, एवढंच सूत्र. सर्कस विकून मोकळं व्हावं असं त्याला वाटत असतं, आणि तिथल्या माणसांत राहता राहता तो त्यांचाच होतो. शेखरन म्हणजे शाहरुख खान. त्याची ‘फौजी’ ही मालिका नुकतीच होऊन गेलेली, पहिला सिनेमा यायला अजून अवकाश.

बहुतेक लोक मालिका लावतात ते त्याच्यासाठीच. मीही तशीच लावली होती. पण दोन-तीन आठवड्यांत माझं लक्ष त्याच्यावरून उडून तंबूवर गेलं आणि मग तिथेच राहिलं. मला विचाराल तर या मालिकेची खरी कमाई तीच आहे. खेळ चालू असतानाची सर्कस आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. खेळ नसतानाची सर्कस, म्हणजे सकाळचा तंबू, रिकाम्या खुर्च्या, सरावाचे कपडे, दोरीवर वाळत घातलेले चमकीचे पोशाख, मालकाच्या टेबलावरचा हिशेब, हे किती जणांनी पाहिलंय? इथे कॅमेरा बहुतेक वेळ तिकडेच आहे. चित्रीकरण अपोलो या खऱ्याखुऱ्या सर्कशीसोबत झालं, आणि ते जाणवतं. नटांच्या मागे, बाजूला, कोपऱ्यात जी माणसं काहीतरी करताना दिसतात ती त्या तळावर राहणारी माणसं आहेत. त्यांना कॅमेऱ्याचं अप्रूप नाही. कुणी दोर गुंडाळतंय, कुणी पाठीमागे कोलांट्यांचा सराव करतंय. पहिल्या वेळी आपण संवाद ऐकतो. दुसऱ्यांदा पाहताना या माणसांकडे बघावं.

हे मला शिकवलं ते आमच्या अण्णाकाकांनी. मिरजेला त्यांचा मंडपाचा धंदा होता, आता मुलगा बघतो. पावसाळ्यात आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा त्यांनी काही भाग आमच्यासोबत पाहिले. पडद्यावर शेखरन तावातावाने बोलत होता आणि काका मला म्हणाले, “अगं, त्याचं काय ऐकतेस, मागचे ताण बघ.” ताण म्हणजे तंबू खुंट्यांना ओढून धरणारे दोर. मग भाग थांबवून त्यांनी समजावलं. कापडाचा तंबू, काथ्याचा किंवा सुताचा दोर. पाऊस आला की दोर भिजून आखडतो. सरी यायच्या आधी सगळे ताण ढिले करावे लागतात, नाहीतर खुंट्या उपटून येतात किंवा कापड फाटतं. आणि ऊन पडलं की पुन्हा एकेक ताण आवळायचा. “रात्री दोन वाजता पाऊस आला तर रात्री दोन वाजता,” काका म्हणाले. त्यानंतर मी तंबूचा कुठलाही प्रसंग त्या दोरांकडे नजर टाकल्याशिवाय पाहू शकले नाही.

झोक्यांचंही तसंच. लहानपणी मला वाटायचं, सगळी करामत उडणाऱ्याची. पण पलीकडच्या झोक्यावर गुडघ्यांत दांडी अडकवून उलटा लटकणारा, म्हणजे झेलणारा, तोच सगळा हिशेब सांभाळत असतो. उडणाऱ्याने सुटायचं कधी ते त्याच्या हाकेवर. दोघं एकमेकांची बोटं धरत नाहीत, मनगटाला मनगट धरतात, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. खाली जाळं असतं म्हणून धोका नाही, असंही नाही. जाळ्यात पाठीवर पडावं लागतं, वेडंवाकडं पडलं तर मान जाते, आणि जाळ्याने उसळी देऊन बाहेर फेकलं तर आणखी वाईट. हे एकदा डोक्यात बसलं की झेलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय लागते.

या मालिकेत मला सगळ्यात प्रामाणिक वाटली ती पैशाची चिंता. सर्कशीचं गणित फार निर्दय असतं. दिवसाला तीन खेळ, एक, चार आणि सात वाजता. मैदानाचं भाडं, परवाने, गाव बदलायचा खर्च. खेळ झाला काय आणि पावसाने बुडाला काय, हत्तीचा चारा चुकत नाही आणि भटारखान्यातली चूल विझत नाही. शेखरन हा शिकलेला पोरगा आकड्यांकडे बघतो आणि त्याला वाटतं, हे बंद केलेलंच बरं. आकडे त्याच्या बाजूचे असतात, ते चूक नसतात. फक्त प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा आहे आणि त्या माणसाला रिंगणाबाहेर दुसरं काही येत नाही, हे त्याला हळूहळू कळतं. कुंदन शाहांची आधीची मालिका ‘नुक्कड’ पाहिलेल्यांना ही नजर ओळखीची वाटेल. कुंदन शाहांना नाक्यावरच्या, पोट हातावर असलेल्या माणसांविषयी जी आस्था होती, तीच इथे तंबूत आली आहे. माणसंही काही तीच. ‘नुक्कड’मधला खोपडी म्हणजे समीर खक्कर इथे चिंतामणी झाले आहेत, पवन मल्होत्राही आहेत. खक्करांना पाहताना मला दर वेळी वाटलं, या माणसाला आपल्याकडे हवा तेवढा मान मिळाला नाही. विनोदी माणूस म्हणून बाजूला काढलं गेलं त्यांना.

मराठी प्रेक्षकाला तर ओळखीचे चेहरे सापडतच राहतात. मारियाच्या भूमिकेत रेणुका शहाणे आहेत, दूरदर्शनच्या ‘सुरभि’ या कार्यक्रमामुळे त्या घराघरांत पोचल्या त्याच्या जरा आधीच्या. संयत काम, कुठेही आवाज चढवत नाहीत, आणि शाहरुखच्या धडाक्यासमोर ते फार उठून दिसतं. आशुतोष गोवारीकर आहेत, मकरंद देशपांडे आहेत. गोवारीकरांनी पुढे २००४ मध्ये ‘स्वदेस’ केला तेव्हा शाहरुखला नायक घेतलं आणि मकरंदना फकिराची छोटीशी, पण लक्षात राहणारी भूमिका दिली. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर त्या सिनेमाचं चित्रीकरण झालं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. या तिघांची जोडी कुठे जमली होती, ते मात्र ‘सर्कस’ पाहिल्यावर कळतं.

आमच्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला ही मालिका आणखी एका कारणाने जवळची वाटावी. भारतीय सर्कस जन्मली ती आमच्या मुलखात. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे, घोडे शिकवण्यात वाकबगार. कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती, ती पाहून त्यांनी मनावर घेतलं आणि १८८० मध्ये कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस, असं ते लोण पसरलं. विष्णुपंत गाणंही शिकलेले, ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांकडे. गुरुपुत्र रहिमत खाँ हलाखीत भटकत होते, त्यांना विष्णुपंतांनी सर्कशीसोबत सांभाळलं. एवढा मोठा गवई आणि सोबतीला वाघ-सिंहांचे पिंजरे, त्या तळावरच्या रात्री कशा असतील! याच सर्कशीचा मुक्काम केरळात तलश्शेरीला पडला आणि तिथले कसरतीचे शिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांनी सर्कशीसाठी मुलं तयार करायला घेतली. १९०१ मध्ये त्यांनी त्यासाठी शाळाच काढली. पुढे भारतीय सर्कशीत केरळचाच वरचष्मा राहिला. म्हणून शेखरन हे दाक्षिणात्य वळणाचं नाव कानावर पडलं तेव्हा मला बरं वाटलं. लिहिणाऱ्यांनी काय विचार केला होता ते ठाऊक नाही, पण सर्कशीच्या मालकाला ते शोभतं.

आता न आवडलेलं. काही भागांत गोष्ट फार घाईने मिटते. वीस-पंचवीस मिनिटांत एका कलाकाराचं दुःख उभं करायचं, वाढवायचं आणि सोडवायचंही, हे प्रत्येक वेळी जमलेलं नाही. एखादा माणूस या आठवड्यात जिवाला घोर लावून जातो आणि पुढच्या आठवड्यात त्याचा उल्लेखही नसतो. शेखरनला अधूनमधून भाषण ठोकायला लावलंय, तिथे मला कंटाळा आला. शाहरुखचं कामही सगळीकडे सारखं नाही. गप्प बसलेला असतो तेव्हा फार चांगला, बोलायला लागला की कधी कधी वाक्यावर वाक्य आदळत सुटतो. नाटकातून आलेल्या तरुण नटाची ती घाई आहे, आणि तरीही त्याच्यावरून नजर हलत नाही, हेही खरं.

आणि प्राण्यांचे प्रसंग. इथे मला दर वेळी जड गेलं. माझी भाची नववीत आहे, तिने तर एक-दोनदा उठून आतच जाणं पसंत केलं. तिच्या पिढीने सर्कशीत वाघ पाहिलेलाच नाही. मालिका संपल्यावर थोड्याच काळात, १९९१ मध्ये, केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबटे यांना खेळात वापरण्यावर बंदी आणणारी अधिसूचना काढली. सर्कसवाले कोर्टात गेले, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली, तोवर यादीत सिंहही आले होते. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवायलाही मनाई केली. दोन्ही निर्णय मला पूर्ण पटतात. चाबकाच्या धाकाने स्टुलावर बसलेला वाघ पुन्हा कुणाला दिसू नये. पण या निर्णयांनंतर तळावरच्या माणसांचं काय झालं, हे कुणी फारसं विचारलं नाही. मालिका पाहताना ते सारखं मनात येतं, कारण इथे ती माणसं नावागावानिशी, हसता-भांडताना दिसत असतात. बंदी येण्याआधीची, पूर्ण लवाजम्यासह फिरणारी भारतीय सर्कस तिच्या रोजच्या कामात दाखवणारं इतकं लांब चित्रण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. भाचीला मी हे सांगितलं आणि प्राण्यांचे प्रसंग पुढे ढकलून बाकीचं बघ म्हटलं. तसं तिने पाहिलं.

पाहण्याच्या सोयीबद्दल. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा २८ मार्चपासून दूरदर्शनने ही मालिका रात्री आठला पुन्हा दाखवली होती, त्या वेळी बऱ्याच जणांच्या पाहण्यात आली. मी नेटवर मिळाली तशी पाहिली. चित्र पुसट आहे, रंग उतरलेत, रात्रीच्या खेळात दिव्यांभोवती पांढरे डाग येतात. ते चालवून घ्यावं लागतं. मात्र टीव्हीची एक सेटिंग जरूर बदला. आजचे रुंद टीव्ही जुनं चौकोनी चित्र आपोआप ताणतात, माणसं आडवी दिसायला लागतात आणि झोक्यांचा अंदाजच बिघडतो. चित्राचा मूळ आकार ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. आवाज काही भागांत फार बारीक आहे, बँड सुरू झाला की अचानक कानठळ्या बसवतो. आम्ही साधा छोटा स्पीकर जोडला आणि खर्ज कमी केला, त्याने संवाद बरेच सुटे झाले. सबटायटल्स मला मिळाली नाहीत, पण हिंदी सोपी आहे.

कुणी पाहावी? ज्यांना फक्त तरुण शाहरुख पाहायचाय त्यांनी पहिले चार-पाच भाग पाहिले तरी पुरे. ज्यांना वेगवान कथा लागते त्यांनी वाटेला जाऊ नये. नाटकवाल्यांनी, तमाशा फडाशी संबंध आलेल्यांनी, मंडप, बँड, ऑर्केस्ट्रा अशा फिरतीच्या धंद्यातल्या घरांनी मात्र जरूर पाहावी. अण्णाकाका मिरजेला परत गेल्यावर त्यांच्या मुलाने उरलेले भाग त्यांना मोबाइलवर लावून दिले. दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. गोष्टीबद्दल ते अवाक्षर बोलायचे नाहीत. कुठला खांब कुठे रोवला होता, कनातीला ठिगळ कसं मारलं होतं, आणि एवढा मोठा तंबू उतरवायला किती माणसं लागली असतील, यावरच आमचं बोलणं व्हायचं.