डेहराडूनच्या लोकाटाचा डबा: खायला घ्यावा की जॅमला?

पाचपैकी तीन गुण. कापलेला एक गुण फळाचा नाही, तोडणीचा आणि पॅकिंगचा आहे. दुसरा किंमतीचा.

मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत डेहराडून, सहारनपूर, पंजाब या पट्ट्यातलं लोकाट, म्हणजे मोठ्या बियांचं छोटं, पिवळसर, आंबटगोड फळ, बाजारात असतं. मुंबई-पुण्यात घरपोच फळं देणाऱ्यांकडे ते अधूनमधून अर्ध्या किलोच्या पारदर्शक डब्यात मिळतं. डब्यावर जात लिहिलेली नसते, आणि ती लिहायला हवी. 'गोल्डन यलो' लवकर येते, तर 'कॅलिफोर्निया ॲडव्हान्स' उशिरा येते आणि तिचा गर पांढरट असतो. हे माहीत नसलं की पांढरट गराचं फळ कच्चं समजून टाकलं जातं.

लोकाट आंब्यासारखं अढीत पिकत नाही. झाडावरून उतरलं की गोडी वाढायची थांबते. नंतर रंग थोडा चढतो, आंबटपणा किंचित उतरतो, पण साखर जेवढी भरली तेवढीच. पिकलेलं फळ वाटेत दबून काळं पडतं म्हणून ते आधीच तोडतात, आणि आपल्या हातात आंबट माल येतो. डबा उलटा करून देठाकडची बाजू बघा. तिथे हिरवट झाक असेल तर घेऊ नका. सालीवरची बारीक लव शाबूत असेल तर फळ फारसं हाताळलेलं नाही. देठाचा तुकडा कात्रीने कापून ठेवलेला असावा. ओढून तोडलेल्या फळाची साल तिथेच फाटते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. न धुता फ्रिजमध्ये ठेवलं तर चांगलं फळ आठवडाभर सहज टिकतं.

साल, बिया, बियांभोवतीचा पातळ पापुद्रा आणि टोकाकडचा सुकलेला भाग काढला की किलोमागे जेमतेम 600 ग्रॅम गर उरतो. किंमत ठरवताना हा हिशेब करा. चिरलेल्या फोडी लगेच तपकिरी होतात, त्यामुळे चिरता चिरता लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकाव्या.

बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. रस काढताना अख्खी फळं फिरवण्याचा मोह होतो, पण त्या बियांत अ‍ॅमिग्डालिन असतं आणि बी फुटलं की त्यातून सायनाइड सुटतं. एखादी बी अख्खी गिळली गेली तर घाबरायचं कारण नाही. लहान मुलांना मात्र बिया काढूनच द्या, गुळगुळीत बी घशात अडकते.

आरोग्याच्या नावाने डब्यावर बरंच छापलेलं असतं. 100 ग्रॅम गरात साधारण 47 कॅलरी, 266 मिलिग्रॅम पोटॅशियम, पावणेदोन ग्रॅम तंतू आणि बऱ्यापैकी बीटा कॅरोटीन असतं. क जीवनसत्त्व जेमतेम 1 मिलिग्रॅम, तेव्हा त्यासाठी आवळाच खा. खोकल्यावरचं जे चिनी सिरप प्रसिद्ध आहे, ते पेई पा कोआ, त्यात लोकाटाची पानं असतात, फळ नव्हे. त्यात मध-साखरही भरपूर असते, मधुमेह असणाऱ्यांनी जपून. घरी पानांचा काढा करायचा तर खालची लव ब्रशने घासून काढा आणि काढा दाट फडक्यातून गाळा, नाहीतर घसा अजूनच खवखवतो.

आंबट निघालेला डबा जॅमला मात्र अव्वल. अर्धवट पिकलेल्या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, जास्त असतं, त्यामुळे बाहेरचं पेक्टिन लागत नाही. फळं अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाकली की साल सुटते. 1 किलो साफ गराला 100 मिली पाणी घालून मऊ शिजवा, मग 700 ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. साखर आधी घातली तर फोडी चिवट राहतात. फ्रिजमधल्या थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवा. सुरकुती पडली की लगेच उतरवा. आणखी आटवलं तर रंग लालसर काळपट होतो आणि लोकाटाची चव जाऊन नुसता पाक उरतो.

डब्यातली बी कुंडीत लावायची असेल तर सहज रुजते. पण बियांचं झाड फळाला यायला सहा-आठ वर्षं घेतं, शिवाय फळ मूळ झाडासारखं येईलच असं नाही. कलमाला दोन-तीन वर्षांत फळ धरतं. कोकणच्या दमट उकाड्यात मात्र पानांपलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये.