नोडल अ‍ॅनालिसिससाठी कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस

विद्युत परिपथांतील नोडची, म्हणजे घटक जिथे एकमेकांना जोडले जातात त्या बिंदूंची, अज्ञात व्होल्टेज काढताना (हेच नोडल अ‍ॅनालिसिस) समीकरणे मांडणे हे विद्यार्थ्याचे काम आणि ती सोडवण्यातली आकडेमोड कॅल्क्युलेटरची, अशी वाटणी मी शिकवताना करून देतो. आणि डीसी परिपथांपुरते पाहिले तर कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस हा कॅल्क्युलेटर आपला वाटा उत्तम उचलतो.

एक उदाहरण घेऊ. १२ व्होल्टचा स्रोत २ किलोओहममधून 'अ' नोडला जोडलेला आहे, 'अ' ते ग्राउंड ४ किलोओहम, 'अ' ते 'ब' ४ किलोओहम, 'ब' ते ग्राउंड ८ किलोओहम, आणि 'ब'मध्ये २ मिलिअँपिअरचा प्रवाह बाहेरून सोडलेला आहे. मोड ५ मध्ये, म्हणजे समीकरणांच्या मोडमध्ये, दोन अज्ञातांचा पर्याय निवडला की सहगुणकांचा तक्ता उघडतो. त्यात बेरीज आधी करून ठेवावी लागत नाही; पहिल्या चौकटीत 'अ'ला जोडलेल्या रोधांच्या व्यस्तांची बेरीज १÷२+१÷४+१÷४ अशी जशीच्या तशी भरता येते, आणि ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण प्रत्येक पद कोणत्या रोधाचे आहे हे भरतानाच ताडून पाहता येते. उत्तरे ४४/५ आणि ५६/५ अशी अपूर्णांकात येतात व एका कळीने ८.८ आणि ११.२ व्होल्ट होतात. रोध किलोओहममध्ये आणि प्रवाह मिलिअँपिअरमध्ये ठेवल्यामुळे व्होल्टेज थेट व्होल्टमध्येच मिळते.

मात्र परिपथ कॅल्क्युलेटरला दिसत नाही. दोन नोडना जोडणाऱ्या रोधाच्या सहगुणकाचे ऋण चिन्ह राहून गेले, किंवा दोन नोडमध्ये व्होल्टेज स्रोत असूनही सुपरनोड (ते दोन्ही मिळून एकच नोड) धरला नाही, तरी तो तितक्याच सफाईने चुकीचे उत्तर देतो. म्हणून 'अ'पाशी स्रोताकडून १.६ आणि 'ब'कडून ०.६ मिळून २.२ मिलिअँपिअर ग्राउंडकडे जातात ना, ही किर्चॉफच्या नियमाची (नोडमध्ये येणारा प्रवाह = बाहेर जाणारा प्रवाह) पडताळणी वहीत करायलाच हवी.

खरी अडचण एसी परिपथात येते. तिथे लागणाऱ्या संमिश्र संख्यांची (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) साधी आकडेमोड याला जमते, त्यामुळे एकच अज्ञात नोड असेल तर निभावते. पण समीकरणांच्या मोडमध्ये संमिश्र सहगुणक चालत नाहीत. दोन नोडसाठी वास्तव आणि काल्पनिक भाग वेगळे केले की चार अज्ञात होतात, आणि याची मर्यादा तीनची आहे. एफएक्स-९९१ईएक्स चार अज्ञातांपर्यंत जातो, तेव्हा अभ्यासक्रमात एसी नेटवर्क असणाऱ्यांनी थोडे अधिक पैसे घालून तोच घ्यावा.