मालाडचा ‘१९७८चा जपानी’ बेस

गेल्या श्रावणात मी ३८ हजारांना फसलो. बेस गिटार सेकंडहँड घेणार असाल, तेही स्लॅपसाठी, तर वाचा.

मी लालबागच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. आमचा कीबोर्डवाला हल्ली कोळीगीतातसुद्धा फंकचा तुकडा घुसवतो, म्हणून मला स्लॅप शिकावं लागलं: अंगठ्याने जाड तार ठोकायची, बोटाने बारीक तार उचलून सोडायची (याला पॉप म्हणतात). माझ्या जुन्या बेसवर त्याचा नुसता धप्प आवाज यायचा. म्हणून फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जाझ बेस या मॉडेलच्या शोधात होतो. त्याला तारांचं कंपन टिपणारे दोन पिकअप असतात, दोन्ही पूर्ण उघडले की ठोका स्वच्छ कापत येतो.

जाहिरात मालाडची होती: ‘फेंडर जाझ बेस, मेड इन जपान, १९७८, स्लॅपसाठी एक नंबर.’ किंमत ४५ हजार. फोनवर गृहस्थ अगदी गोड. घरी गेलो तर चहा, शेव, आणि वर गप्पा. स्लॅप रूढ करणारा बेसवाला लॅरी ग्रॅहम आईसोबत वाजवायचा, ड्रमर उरला नाही म्हणून अंगठ्याने ड्रमचं काम करायला लागला, ही गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली की मी बेसकडे पाहायचंच विसरलो. ‘स्लॅपवाल्या मार्कस मिलरचा ७७चा, हा ७८चा. एका वर्षाचा फरक हो!’

मग स्वतः वाजवून दाखवला. काय वाजवला! प्रत्येक पॉप फटाक्यासारखा. बेस आणि ॲम्पच्या मध्ये जमिनीवर एक पेडल होतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘ट्यूनरसाठी ठेवलंय.’ तो मल्टिइफेक्ट, म्हणजे आवाज बदलणारं यंत्र होता आणि त्यात कॉम्प्रेसर चालू होता, हे मला आज कळतं. कॉम्प्रेसर मेलेला ठोका वर काढतो, अंगावर येणारा दाबतो; सगळं एकसारखं गुळगुळीत. त्यातच तारा कोऱ्या. कोऱ्या तारांवर आठवडाभर पाटसुद्धा वाजेल.

मी घासाघीस सुरू केली तसे म्हणाले, ‘दुसरा एक जण ४२ द्यायला तयार आहे, पण तुम्ही आपले मराठी. ३८ द्या.’ खरं सांगतो, मी बेसच्या आवाजापेक्षा या वाक्याला भुललो. ५ हजार यूपीआयने, ३३ हजार रोख. पावती मागायची लाज वाटली.

घरी डोंबिवलीला माझ्या छोट्या ॲम्पला थेट लावला. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या पट्टीच्या पुढे प्रत्येक सुराला खरखर. तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या ब्रिजवरून त्या उचलल्या तर खरखर गेली, पण आता अंगठा ठोकायला कुस्ती. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

गिरगावात गिटार दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी मला काही न विचारता पहिल्या फ्रेटवर आणि नेक (दांडा) बॉडीला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे एकच तार दाबली. मध्ये साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. इथे पेन्सिल जाईल एवढी. आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड आवळून नेक सरळ करायची, तर त्याचा नट आधीच कुणीतरी पिळून गोल केलेला, पाना धरेना. मग पिकअप उचलला. खोबणीत अखंड लाकूड नाही, प्लायवूडचे थर. पिकअपखाली चिकटवलेली चुंबकाची पट्टी. जुन्या फेंडरच्या पिकअपमध्ये दांड्याच चुंबक असतात. काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. फक्त म्हणाले, ‘अरे, फेंडरची जपानची कंपनीच १९८२ला सुरू झाली. ७८चा कुठून आणला?’

एवढी एक तारीख आधी शोधली असती तर मालाडचं तिकीटसुद्धा वाचलं असतं. शिवाय खऱ्या ७८च्या फेंडरला लाखांत पैसे पडतात. तो ४५ हजारांत का मिळतोय, हे मी स्वतःला विचारलं होतं, आणि ‘जपानी आहे म्हणून स्वस्त’ असं उत्तरही स्वतःच दिलं होतं.

चौकीत गेलो. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘वाजवून बघून घेतलात ना?’ काय सांगणार? वाजवला त्याने, बघितला मी.

परवा वाशीला एक पाच तारांचा बेस बघायला गेलो. माझी केबल, माझा ॲम्प, मध्ये काही नाही. नेक सरळ, फ्रेट ठीक, नंबर आणि कागद जुळणारे. पण ब्रिजपाशी दोन तारांत अंतर १६.५ मिलिमीटर, फेंडरवर साधारण १९ असतं. अंगठा शेजारच्या तारेवर पडायचा, पॉपसाठी बोट आत जाईना. बोटांनी वाजवणाऱ्याला उत्तम बेस. मालक थोडे वैतागले, ‘अर्धा तास वाजवलात की हो!’ मी त्यांना चहाचे पैसेही देऊ केले, पण बेस नाही घेतला.