छपाई ई८८सीसीची, आत ६एन१पी: जुने व्हॉल्व्ह मागवणाऱ्यांनी आधी हे वाचावं

नांदेडच्या एका गृहस्थांनी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी ई८८सीसी व्हॉल्व्हची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांची, जोडी ऑनलाइन मागवली. जाहिरातीत लिहिलं होतं की माल फिलिप्सच्या, हॉलंडमधल्या हेर्लेन कारखान्यातला आहे, जुन्या साठ्यातला पण न वापरलेला, पिनांना सोन्याचा मुलामा, जोडी जुळवलेली. किंमत १४,००० रुपये, पैसे आगाऊ, तेही यूपीआयने. पार्सल वेळेवर आलं. खोकी करकरीत, काच स्वच्छ, अक्षरं ठसठशीत. व्हॉल्व्ह बसवले आणि आवाजही चांगला आला. ही फसवणूक चटकन लक्षात येत नाही ती यामुळेच: खोटा व्हॉल्व्ह बंद पडत नाही, तो वाजतो.

अर्ध्या तासाने दोन्ही कानांतला आवाज हळूहळू दबू लागला. आधी बारीक गुणगुण, मग शांतता, थोड्या वेळाने आवाज परत, पुन्हा तेच चक्र. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "सर, माल ओरिजिनल आहे, टेस्ट करून पाठवलाय. तुमच्याकडे मराठवाड्यात लाइट खालीवर होते, त्याचा परिणाम असेल." हे उत्तर आपल्या भागातल्या माणसाला पटतं. उन्हाळ्यात शेतीपंपांचा भार आला की व्होल्टेज पडतं हे इथे सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून माणूस व्हॉल्व्ह सोडून स्टॅबिलायझर शोधायला लागतो. परत करायची मुदत तेवढ्यात निघून जाते.

व्होल्टेजचा इथे काही संबंध नव्हता. दोन्ही व्हॉल्व्हच्या हीटरचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, करंट मोजल्यावर एकाने ५९० आणि दुसऱ्याने ६१० मिलिअँपिअर दाखवला. ई८८सीसी, म्हणजेच ६९२२, ६.३ व्होल्टला ३०० मिलिअँपिअर घेतो. साधा ईसीसी८८ म्हणजे ६डीजे८, तो ३६५ घेतो. सहाशे मिलिअँपिअर घेणारा, त्याच पिनांचा आणि जवळपास तेवढ्याच अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टरचा (सिग्नल किती पट वाढतो त्याचा आकडा) व्हॉल्व्ह म्हणजे सोव्हिएत बनावटीचा ६एन१पी. तो बराच स्वस्त मिळतो. मूळ छपाई पुसून वर नवी मारली, की झाला हेर्लेनचा.

आवाज का दबत होता तेही यातून उलगडतं. त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हीटरसाठी डीसी रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, होता. दोन ६९२२ मिळून ६०० मिलिअँपिअर घेतात, दोन ६एन१पी मिळून १.२ अँपिअर. रेग्युलेटरच्या आत-बाहेरच्या व्होल्टेजमधला फरक साडेतीन व्होल्ट धरला, तर त्याच्यावर पडणारी उष्णता सुमारे २ वॉटवरून ४ वॉटच्या वर गेली. उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक तेवढा मोठा नव्हता, बाहेर मे महिना. रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करत होता, हीटर थंड होत होते, रेग्युलेटर निवला की पुन्हा चालू. करंट वाढला की रेग्युलेटरला मिळणारं कच्चं व्होल्टेजही खाली येतं, त्यातली लहर पुढे निसटते, आणि गुणगुण येते ती त्यामुळे. साधा ट्रान्सफॉर्मर असता तर त्याचं वाइंडिंग तापत राहिलं असतं, आणि ते जळणं व्हॉल्व्हपेक्षा महागात पडतं. शिवाय व्होल्टेज पडलं तर हीटरचा करंट कमी होतो, दुप्पट होत नाही. विक्रेत्याने ‘तुमची लाइट’ असं कारण दिलं की एवढी एक गोष्ट त्याला लिहून पाठवावी.

म्हणून जुना व्हॉल्व्ह हाती आला की अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवण्याआधी हीटरचा करंट मोजा. छपाई, खोकं, पिनांचा मुलामा, सगळं बदलता येतं. हीटर बदलता येत नाही. यासाठी नऊ पिनांचं एक सॉकेट घ्या आणि त्याच्या ४ आणि ५ नंबरच्या पिनांना दोन वायरी सोल्डर करा. पिना मोजताना व्हॉल्व्ह उलटा धरायचा आणि मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने जायचं. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मालिकेत जोडा, बेंच सप्लाय (व्होल्टेज हवं तेवढं ठेवता येणारा) ६.३ व्होल्टवर ठेवा. थंड हीटरचा रोध गरम हीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे सुरुवातीला आकडा उसळेल. सप्लायवर करंटची मर्यादा असेल तर ती १ अँपिअरवर ठेवा. मिनिटभर थांबा, आकडा स्थिरावल्यावर वाचा. त्याच वेळी दुसऱ्या मीटरने थेट ४ आणि ५ वर व्होल्टेज बघा, कारण मीटरच्या वायरींमध्ये थोडं पडतं आणि मग आकडा फसवा येतो.

बेंच सप्लाय नसेल तर ५ व्होल्टचा चांगला मोबाइल चार्जरही चालतो. आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी कमी दिसतील, पण ६एन१पी तेव्हाही ५०० च्या आसपासच राहील आणि ई८८सीसी २६० च्या. गफलत व्हायला जागाच नाही. उच्च व्होल्टेज यात कुठेच नाही, म्हणून ही तपासणी कुणीही घरी करू शकतो.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ईसीसी८१, ईसीसी८२ आणि ईसीसी८३ या तिघांचा हीटर सारखाच असतो: ४ आणि ५ वर १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर, किंवा ९ नंबरची, हीटरच्या मध्याला जोडलेली पिन धरून ६.३ व्होल्टला ३००. त्यामुळे ईसीसी८३ वर ईसीसी८२ छापलं असेल तर हीटर काही सांगणार नाही. तिथे अ‍ॅनोडचा करंट बघावा लागतो. कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडवर येतात, आणि किती येतील ते मधली ग्रिड ठरवते. अ‍ॅनोडला १०० व्होल्ट आणि ग्रिड शून्यावर असताना ईसीसी८२ मधून १२ मिलिअँपिअरच्या जवळपास करंट जातो, ईसीसी८३ मधून दोन-तीन. हेडफोनला हाच करंट लागतो, म्हणून असा बदललेला व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो पण खर्जाला दम देत नाही. आणि १२एयू७, म्हणजेच ईसीसी८२, आणि ६डीजे८ एकमेकांच्या जागी कधीच बसवू नका. सॉकेट सारखं असलं तरी हीटरची जोडणी वेगळी आहे, १२.६ व्होल्टच्या सॉकेटमध्ये ६डीजे८ घातला तर हीटर जातो.

आता काचेकडे. फिलिप्सच्या कारखान्यांत तयार झालेल्या व्हॉल्व्हच्या काचेवर, तळाशी, फिकट राखाडी रंगात दोन ओळींचा सांकेतिक मजकूर असतो. पहिल्या ओळीत व्हॉल्व्हचा प्रकार: ई८८सीसीसाठी ७एल, ईसीसी८८ साठी जीए, आणि पुढे एक अक्षर किंवा अंक. दुसऱ्या ओळीत कारखान्याची खूण, वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचं अक्षर आणि बहुतेकदा आठवड्याचा अंक. त्रिकोण म्हणजे हेर्लेन, बी म्हणजे इंग्लंडमधलं म्युलार्डचं ब्लॅकबर्न. महिने ए पासून एल पर्यंत, तेव्हा तिथे एम किंवा आर दिसलं तर तो मजकूर फिलिप्सचा नाही. विक्रेत्याने फोटोत फक्त ब्रँडचं नाव दाखवलं असेल तर तळाच्या या दोन ओळींचा जवळचा फोटो मागा, दोन्ही व्हॉल्व्हचा. ‘पुसले गेलेत’ असं उत्तर आलं तर हेर्लेनची किंमत देऊ नका. नांदेडच्या जोडीवर या जागी काहीच नव्हतं, आणि भिंगातून पाहिल्यावर काचेवर घासल्याचे बारीक ओरखडे दिसत होते.

जुन्या खऱ्या व्हॉल्व्हवरची छपाई हळवी असते. टेलिफंकन या जर्मन कंपनीची तर बोट फिरवलं तरी निघते. म्हणून पुसट नाव पाहून घाबरू नका आणि आल्या-आल्या काच स्पिरिटने पुसूही नका. पुरावाच निघून जाईल. उलट साठ वर्षांपूर्वीच्या व्हॉल्व्हवर नखानेही न निघणारी कोरी छपाई असेल तर शंका घ्यावी. टेलिफंकनच्या छोट्या व्हॉल्व्हच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठावदार चौकट (पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार) असते. ती साच्यातली असते. खोटी चौकट खोदलेली किंवा घासलेली असते आणि बोटाला खळगा लागतो. म्युलार्ड हे नाव आज रशियात, सारातोव्हमध्ये बनणाऱ्या नव्या व्हॉल्व्हवरही छापलं जातं. तो माल उघडपणे नवा म्हणून विकला जातो तोवर त्यात गैर काही नाही. तोच व्हॉल्व्ह मळकट खोक्यात घालून ‘जुना ब्लॅकबर्न’ म्हणून आला, की ती लबाडी.

वापरलेला माल नवा म्हणून खपवणं तर नेहमीचंच. काचेच्या वरच्या भागातला चकाकता थर बघा. तो पांढरा पडला असेल तर हवा आत गेली आहे, व्हॉल्व्ह संपला. कडा तपकिरी आणि पातळ झाल्या असतील तर तो हजारो तास चालला आहे. पिनांवर उभे ओरखडे असतील तर तो सॉकेटमध्ये बसलेला आहे. तपासणीपुरता एकदा-दोनदा बसवला असेल तर ओरखडे हलके असतात.

नांदेडच्या पार्सलात एक चिठ्ठीही होती: ९८ आणि ९६ टक्के. असल्या टक्क्यांना अर्थ नाही. साधा एमिशन टेस्टर कॅथोड किती इलेक्ट्रॉन सोडतो एवढंच बघतो, ग्रिडचा ताबा किती आहे ते नाही. त्यामुळे चुकीच्या प्रकारचा व्हॉल्व्हही त्यावर ‘चांगला’ येऊ शकतो. विक्रेत्याला विचारा: कोणत्या अ‍ॅनोड व्होल्टेजला, कोणत्या ग्रिड व्होल्टेजला, करंट किती, ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडचं व्होल्टेज एक व्होल्टने बदललं की करंट किती बदलतो) किती, आणि एकाच काचेतल्या दोन्ही अर्ध्या भागांचे आकडे वेगवेगळे द्या. ईसीसी८८ साठी कसोटी ठरलेली आहे: ९० व्होल्ट, ग्रिडला उणे १.३, करंट १५ मिलिअँपिअर आणि १२.५ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. ६एन१पी चा हाच शेवटचा आकडा त्याच्या नेहमीच्या वापरात साडेचारच्या आसपास असतो, म्हणून खरा अहवाल मागितला की खोटा विक्रेता गप्प बसतो.

मग घ्यावं काय? नाव न घासलेला, सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतल्या, छपाईचा ६एन२३पी हा ईसीसी८८ चा खरा जवळचा पर्याय आहे, हीटर ३१० मिलिअँपिअर, आणि रशियातल्या कालुगाच्या कारखान्याच्या मालावर रॉकेटची खूण असते. ईसीसी८३ हवा असेल तर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह जुन्या लाऊडस्पीकर अ‍ॅम्प्लिफायरच्या भंगारात अजून सापडतो; छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरला जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे विचारून बघावं. समोरासमोर घेताना सॉकेट आणि मीटर सोबत न्या. प्रामाणिक दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

पैसे देताना आगाऊ यूपीआय टाळा. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून काचेच्या तळापर्यंत सलग व्हिडिओ करा आणि हीटरच्या मोजणीचाही करा, मीटर आणि व्हॉल्व्ह एकाच चौकटीत दिसतील असा. फसवणूक दिसली तर सायबर तक्रारीसाठी १९३० वर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवण्याची शक्यता जास्त असते. विक्रेता व्यापारी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. माल परगावच्या विक्रेत्याचा असला तरी नांदेडच्या माणसाने नांदेडातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

आणि तक्रार निकाली निघाली की त्या व्हॉल्व्हवरची खोटी छपाई पुसून टाका, काचेवर बारीक मार्करने ‘६एन१पी, ६०० मिलिअँपिअर’ असं लिहून ठेवा. ज्याचा हीटर सप्लाय तेवढा करंट देऊ शकतो त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा व्हॉल्व्ह उत्तम चालतो, आणि पुढे कुणाच्या हाती गेला तर आपल्या खऱ्या नावाने जाईल.